बोट उचललं तरी वाजणारी पट्टी

आमच्या शाळेच्या सभागृहात एक जुना ग्रँड पियानो आहे. समुद्राच्या हवेनं तारा गंजल्या, म्हणून गेल्या मे महिन्यात मधल्या आणि वरच्या भागात नव्या तारा घातल्या. शाळा सुरू झाल्यावर सहावीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, ही पट्टी सोडली तरी वाजतच राहते." मी ऐकलं, म्हणजे ऐकल्यासारखं केलं. "तुझं बोट उशिरा उठतंय," म्हटलं आणि वहीत तसा शेराही मारला. तीन आठवडे तो बिचारा त्या एका पट्टीवरून बोट उचलायचा सराव करत होता.

नव्या तारा ताणत राहतात, सूर उतरतो. त्यामुळे पियानो लावणारे काका पुन्हा आले. मी सहज त्यांना ती पट्टी दाखवली.

तुम्ही कधी पियानोच्या आत डोकावलात का? त्या भागात एका पट्टीला तीन तारा असतात, तिन्ही एकाच सुरात. हातोडी खालून येऊन तिघींना एकदम लागली पाहिजे आणि सूर थांबवणारा फेल्टचा डॅम्पर वरून तिघींवर एकदम टेकला पाहिजे. पण नवी तार वेटोळ्यातून येते. तिचा बाक, शिवाय पितळी भोकातून बाहेर पडतानाची कमान, सत्तर-ऐंशी किलोच्या ताणाखालीही पूर्ण जात नाही.

काकांनी मला उजवं पेडल दाबून धरायला लावलं. सगळे डॅम्पर उचलले गेले. मग त्यांनी ती हातोडी हलकेच तारांना टेकवली आणि एकेक तार नखानं छेडली. हातोडीला टेकलेली तार 'टक्' करून गप्प होते, न टेकलेली गाते. मधली गप्प, बाजूच्या दोन्ही गात होत्या. म्हणजे मधली खाली होती. हातोडी आधी तिलाच लागायची, डॅम्पर मात्र तिच्यापर्यंत पोचतच नव्हता.

"हातोडीच थोडी घासली तर?" मी विचारलं.

"आधी तारा, मग हातोडी. वाकड्या तारेच्या मापानं हातोडी घासली, तर तार सरळ केल्यावर काय करणार, बाई?"

छोटा आकडा घालून त्यांनी पितळी भोकाजवळ तार किंचित वर ओढली. केसभर, जास्त नाही. सूर लगेच उतरला. खुंटी पिळून तो परत लावला, पुन्हा छेडून पाहिलं. तिसऱ्या खेपेला तिन्ही तारा गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावलं. त्यानं पट्टी दाबली, सोडली. सूर थांबला. त्यानं परत करून पाहिलं आणि दप्तरातून वही काढून माझ्यापुढे ठेवली.

"बाई, आईनं यावर सही केलीय."

मी शेरा खोडला, बाजूला 'चूक माझी होती' असं लिहिलं आणि म्हटलं, "यावरही आईची सही आण."