पलसाण्याचा चौरस्ता आणि आकाशातले वाटाडे

पलसाणा हे कोणी मुद्दाम पाहावयास जावे असे गाव नव्हे. येथे गड नाही, घाट नाही, समुद्र नाही. सुरत जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण प्रवाशाच्या लक्षात राहते ते एका चौरस्त्यामुळे. उत्तरेकडून कडोदऱ्यावरून येणारा मुंबईचा राजमार्ग (पूर्वी त्याचा क्रमांक ८ होता, आता ४८ आहे) आणि पश्चिमेकडून हजीरा व सचिनवरून येणारा, पूर्वीचा ६ क्रमांकाचा व आताचा ५३ क्रमांकाचा राजमार्ग येथे एकमेकांना छेदतात. दक्षिणेस गेले की नवसारी, वलसाड आणि मुंबई. पूर्वेस गेले की बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर आणि पुढे धुळे. भोवताली उसाचे मळे, चलथाणचा सहकारी साखर कारखाना, कापड रंगविणाऱ्या व छापणाऱ्या गिरण्यांची धुराडी आणि अहोरात्र धावणारे ट्रक. उभे राहून न्याहाळावे असे यात काही नाही, हे आम्ही मान्य करतो.

तरीही सुरतेतील मराठी माणसाचा या चौरस्त्याशी संबंध जुना आहे. पलसाणा हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातला एक महाल होता, आणि पूर्वेकडच्या रस्त्यावरील सोनगड हे तर गायकवाडांचे पहिले ठाणे. पण इतिहासाहून अधिक जवळचा संबंध पोटाचा आहे. दरवर्षी ऊसतोडीच्या हंगामात खानदेशातील कोयता टोळ्या या बाजूला येतात. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत जी हजारो मराठी कुटुंबे यंत्रमागावर आणि गिरण्यांत काम करून स्थिरावली, त्यांतील बहुतेकांची गावे धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांत आहेत. आखाजी आली, दिवाळी आली, घरचे लग्न निघाले की ही मंडळी निघतात. ताप्ती खोऱ्याची रेल्वे आहे, पण सणाच्या दिवसांत तिच्यात पाय ठेवण्यास जागा मिळेल तर शपथ! मग फटफटीवर पुढे मूल, मागे पत्नी, दोहोंच्या मध्ये पिशवी, अशी ही संसारयात्रा पहाटे सचिनवरून पलसाण्याच्या दिशेने निघते. आणि रस्ता दाखविण्याचे काम मोबाईलवर सोपविलेले असते.

पांडेसऱ्यातील एका गिरणीत काम करणारा आमचा एक जुना विद्यार्थी असाच आखाजीसाठी निघाला. सोबत पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. पलसाण्याला पुलावरून सरळ पूर्वेस जावयाचे होते. तो बाजूच्या रस्त्याने उतरला आणि नवसारीच्या वाटेला लागला. "सर, तो बोलला ‘सरळ चला’, तोपर्यंत मी खाली उतरलो होतो," असे त्याने आम्हांस सांगितले. येथपर्यंत हे हसण्यावारी नेता आले असते. पण चूक लक्षात येताच पुढचा वळसा शोधण्याऐवजी त्याने गाडी फिरविली आणि अंधारात, समोरून येणाऱ्या ट्रकांच्या दिव्यांत, सुमारे अर्धा किलोमीटर उलट्या बाजूने आणली. तिघेही सुखरूप आहेत. तथापि ती हकीकत ऐकल्यापासून या विषयाची नीट माहिती करून घ्यावी असे आमच्या मनाने घेतले.

"मोबाईल स्वस्तातला आहे, त्याचा जीपीएस कमजोर आहे," असे त्याचे निदान होते. आम्ही विचारले, मोबाईल ठेवला होता कोठे? तर पॅन्टच्या खिशात, मांडीखाली दाबलेला, वर मुलीचे अंग टेकलेले. बॅटरी वाचावी म्हणून बचतीची सोय चालू केलेली आणि कानात बोंडूक. दोष मोबाईलचा नव्हता, हे तेथेच उघड झाले.

त्याचे कारण समजण्यासाठी थोडे वर पाहावे लागेल. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांतील पहिला १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ पर्यंत ही व्यवस्था पूर्ण झाली. प्रत्येक उपग्रहात आण्विक घड्याळ असते आणि तो अखंडपणे एवढेच सांगत असतो की मी अमुक ठिकाणी आहे व माझ्या घड्याळात आता इतके वाजले आहेत. त्याचा संदेश आपल्यापर्यंत येण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. या विलंबावरून मोबाईल अंतर काढतो, आणि निदान चार उपग्रहांची अंतरे जुळली की आपली जागा ठरते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो. घड्याळ तेवढे चुकले तरी हिशेब वीतभराहून अधिक चुकावयाचा. मानवी बुद्धीचा हा पराक्रम थक्क करणारा आहे यात संशय नाही.

परंतु एवढ्या दुरून येणारा हा आवाज फार क्षीण असतो. भर बाजारात कोणी कानाशी कुजबुजावे, त्याहूनही क्षीण. ढगांतून आणि पावसातून तो बहुतांशी विनासायास येतो. तेव्हा पावसाळ्यात जीपीएस चालत नाही ही समजूत निराधार आहे. त्याला अडविणाऱ्या वस्तू निराळ्या: धातूचा पत्रा, सिमेंटचा पूल, डोंगराची कड आणि माणसाचे शरीर. शरीरात पाण्याचा अंश मोठा, आणि पाणी या लहरी शोषून घेते. मांडी आणि मूल यांच्यामध्ये दाबलेल्या मोबाईलला म्हणजे अर्धे आकाश मिटलेले होते. उरलेल्या अर्ध्यातून जे दोन-तीन उपग्रह ऐकू आले, त्यांवर तो बिचारा अंदाज बांधीत होता.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे. मोबाईल हँडलवर, आकाशाकडे तोंड करून, घट्ट बसेल अशा पकडीत लावावा. टाकीवरच्या पारदर्शक कप्प्याच्या पिशवीत ठेवला तरी चालतो. खाली पत्रा असला तरी वर आकाश मोकळे असते, आणि महत्त्व वरच्या बाजूला आहे. बहुतेक मोबाईलांत हा संदेश ऐकणारी तार वरच्या कडेजवळ असते, तेव्हा पकडीचा धातूचा पंजा नेमका तेथे येऊ देऊ नये. पाठीवर धातूचे कवच आणि चुंबकाची पकड ही जोडी तर टाळावीच. चुंबकाने जीपीएस बिघडत नाही. पण मोबाईलच्या आतला होकायंत्र भ्रमिष्ट होतो, आणि गाडी उभी असताना बाण भलत्याच दिशेस तोंड करतो. गाडी चालू लागली की बदलत्या जागेवरून दिशा कळते आणि बाण पुष्कळदा सावरतो. चौरस्त्यावर थांबून दिशा ठरविणाऱ्यास मात्र हा बाण हमखास फसवितो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: फटफटीच्या सततच्या कंपाने मोबाईलच्या कॅमेऱ्यातील नाजूक यंत्रणा बिघडू शकते. अ‍ॅपल कंपनीने २०२१ साली तसा इशारा दिलेला आहे. पकडीखाली कंप शोषणारे रबर असलेले बरे.

दुसरा उपाय आमच्या पिढीला पटणारा आहे, तो म्हणजे धीर धरण्याचा. उपग्रह आपल्या मार्गाची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. मोबाईलचे जाळे असेल तर तीच माहिती इंटरनेटवरून झटकन मिळते. नसेल तर ती आकाशातून पुरी ऐकावी लागते, आणि ऐकताना मध्येच पूल किंवा इमारत आली तर पुन्हा आरंभ. तेव्हा घरातून, जिन्याखालून किंवा रिंग रोडच्या उंच कापड बाजारांच्या सावलीतून नकाशा लावून निघण्यात अर्थ नाही. तेथे लहरी भिंतींवर आपटून फिरून येतात, आणि मोबाईल आपणांस शेजारच्या गल्लीत नेऊन बसवितो. मोकळ्या जागी गाडी उभी करावी, मिनिट-दोन मिनिटे थांबावे, नकाशावरील ठिपक्याभोवतीचे फिके वर्तुळ आक्रसून लहान झाले की निघावे. बॅटरी बचतीची सोय बंद ठेवावी, नकाशाला ‘अचूक स्थान’ पाहण्याची अनुज्ञा द्यावी, आणि वाहनाच्या जागी दुचाकी निवडावी. ही सोय भारतात २०१७ च्या डिसेंबरात आली. एवढ्या तीन गोष्टी घरीच तपासाव्यात.

आता पुन्हा चौरस्त्याकडे येऊ. मोबाईल साधारणतः सेकंदाला एकदा आपली जागा ठरवितो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. पाच सेकंद आकाश मिटले तर ८० मीटरांहून अधिक रस्ता मागे पडलेला असतो, आणि पलसाण्याला उतरण्याच्या रस्त्याचे तोंड ओलांडण्यास तेवढे पुरते. शिवाय उपग्रहाने काढलेल्या जागेत, सर्व काही उत्तम असतानाही, काही मीटरांचा फरक राहतो. उंचीच्या बाबतीत तर तो अधिक असतो. पुलावरचा रस्ता, पुलाखालचा रस्ता आणि बाजूचा सर्व्हिस रोड यांतील भेद त्यामुळे मोबाईलला पुष्कळदा कळतच नाही. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या संदेशात मुद्दाम खोट मिसळीत असे आणि चूक १०० मीटरांपर्यंत जात असे. त्या मानाने आज आपण श्रीमंत आहोत. परंतु येथे दोन रस्ते एकमेकांना इतके लगटून आहेत की ही श्रीमंतीही अपुरी पडते. भारताने नाविक नावाची आपली व्यवस्था उभारली. तिचा सातवा उपग्रह २८ एप्रिल २०१६ रोजी गेला. पुढे त्यांतील काहींची आण्विक घड्याळे बंद पडली, हे दुर्दैव. आजचे मोबाईल रशियन, युरोपीय व चिनी उपग्रहांचेही ऐकतात, त्यामुळे उपग्रहांची वाण सहसा पडत नाही. दोन वेगवेगळ्या लहरी ऐकणारा मोबाईल तर भिंतींच्या प्रतिध्वनीतूनही बरीच वाट काढतो. पूल मात्र पूलच राहतो.

आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही एक जुनाच उपाय सांगितला. चिठ्ठीवर पाच नावे लिहून टाकीवर चिकटवावीत: पलसाणा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. पलसाण्याच्या अलीकडे वेग कमी करावा आणि कान मोबाईलकडे न ठेवता डोळे पाटीकडे ठेवावेत. बारडोलीचे नाव दिसते तोवर सर्व ठीक; नवसारीचे दिसू लागले की चुकले. चुकलेच तर पुढच्या वळशापर्यंत जावे, पाच-दहा किलोमीटर अधिक पडले तरी जावे. सुरतेत वाढलेल्या आपल्या मुलांना गुजराती लिपी येते, पण गावाहून नव्याने आलेल्यांना शिरोरेघेवाचून अक्षर ओळखत नाही; त्यांच्यासाठी ही पाच नावे दोन्ही लिप्यांत लिहून ठेवावीत. मागे बसणाऱ्या गृहलक्ष्मीस ती वाचण्याचे काम द्यावे. त्या हे काम मोबाईलहून अधिक स्पष्ट आवाजात करतात, असा आमचा अनुभव आहे.

बारडोली सोडली की रस्ता सरळ आणि आकाश मोकळे. सोनगडच्या पुढे रान लागते, आणि तेथे निराळीच तक्रार ऐकू येते, "जीपीएस गेला!" पुष्कळदा तो गेलेला नसतो. पडदा कोरा पण ठिपका सरकतो आहे, तर इंटरनेट गेले असे समजावे; नकाशा स्वच्छ पण ठिपका जागच्या जागी गोठला, तर आकाश मिटले आहे. पहिल्याचा इलाज घरूनच होतो: सुरतेपासून धुळ्यापर्यंतचा नकाशा आदल्या रात्री मोबाईलमध्ये उतरवून घ्यावा. तिसरे कारण उन्हाचे. आखाजीच्या दिवसांत भर दुपारी हँडलवरचा मोबाईल इतका तापतो की स्वतःच पडदा मंद करतो किंवा बंद पडतो. अशा वेळी त्याला पाण्यात बुडवू नये किंवा बर्फावर ठेवू नये (असे करणारे महाभाग आहेत!), सावलीत दहा मिनिटे ठेवला की पुरते.

नवापूर ओलांडले की विसरवाडीला थांबावे. चहा घ्यावा, मुलांना पाय मोकळे करू द्यावेत, टाकीतले पेट्रोल पाहावे. पुढे कोंडाईबारीचा घाट आहे. तेथे डोंगर अर्धे आकाश झाकतो आणि ठिपका कधी दरीत, कधी कड्यावर उडी घेतो. त्याकडे लक्ष देऊ नये. घाटात मोठा रस्ता एकच आहे.