परहस्ते

ग्रंथालयाची दाखल नोंदवही जपायची आणि देवघेवीच्या वह्या रद्दीत घालायच्या, हा हिशेब काही केल्या पटत नाही. १८९८ साली, मुंबईत प्लेगची दहशत असताना, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले आणि पुढे त्याच्या शाखा वस्त्यांमध्ये गेल्या. अशा शाखेचा इतिहास लिहायचा तर स्थापनेचे साल, पदाधिकाऱ्यांची नावे, इमारतनिधी हे सारे इतिवृत्तांत आणि वार्षिक अहवालांत सापडते. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर अनुदान आले, त्यामागोमाग तपासणी आली, त्यामुळे दाखल नोंदवहीला तर धक्काच लागत नाही. पण तिच्यातून कळते ते कपाटात काय आले एवढेच. कपाटातून घरोघरी काय गेले, ते देवघेवीची वही सांगते. जानेवारी १९८२मध्ये गिरणी संप सुरू झाल्यावर लालबाग-परळच्या घरांनी वाचनालयाची वर्गणी किती महिने ओढून धरली, हे आणखी कुठे शोधायचे?

लेखणी, पुस्तक आणि पत्नी परक्याच्या हाती गेली की गेलीच, आणि परत आलीच तर धड येत नाही, असे एक जुने सुभाषित आहे. ग्रंथालय त्याला रोज खोटे पाडते. वहीतली परतीची प्रत्येक तारीख हा त्याचा पुरावा. सुभाषितातली खरी सल मात्र निराळी आहे. त्यात बायकोला वस्तूंच्या रांगेत बसवले आहे. वहीत तर तिला तेवढीही जागा नसते. वर्गणी घरातल्या कर्त्याच्या नावावर, पुस्तक बदलून आणायला मुलगा, आणि दुपारी हात मोकळे झाल्यावर वाचणारी ती. एका वर्गणीवर अख्खे घर वाचते. उद्या एखाद्या अभ्यासकाने वही पाहून त्या गल्लीतले पुरुष कादंबऱ्यांचे शौकीन होते असे लिहिले, तर त्याला कोण अडवणार? म्हणजे ज्या पुराव्यासाठी एवढा आग्रह धरायचा, तो पुरावाच तिरपा. तरीही तिरपा पुरावा नीट वाचता येतो, नाहीसा झालेला येत नाही.

जागा नाही, वाळवी लागते, या हरकती मी फारशा मनावर घेत नाही. वाचकाच्या खासगीपणाची हरकत मात्र खरी आहे. कोणी काय वाचले हे शेजाऱ्याला कशासाठी कळावे? ब्राउन पद्धतीत पुस्तकाचे कार्ड वाचकाच्या तिकिटात ठेवतात. पुस्तक परत आले की दोन्ही वेगळी होतात आणि माग उरत नाही. वाचकाच्या बाजूने पाहिले तर हे विसरणे सभ्यपणाचेच आहे. मग नावे झाकून वह्या जपाव्यात का? त्याने पुस्तकांचा प्रवास हाती राहील. पण ती दुपारची वाचक ज्या नावाआड दडली आहे, तिच्यापर्यंत जायची वाटही त्याच नावातून जाते. ते झाकले तर तिला कुठून शोधायचे, आणि उघडे ठेवायचे तर तिला न विचारता कोणत्या अधिकाराने?