हिरवाईच्या तळाशी

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी सात-बाराच्या उताऱ्याशेजारी मृदा आरोग्य पत्रिका ठेवलेली असेल. ही योजना २०१५ साली सुरू झाली. नत्र, स्फुरद, पालाश यांच्या जोडीने तिच्यात ‘सेंद्रिय कर्ब’ असा एक रकाना असतो. आपल्या कोरडवाहू जमिनीत त्यापुढील आकडा बहुधा एक टक्क्याच्या आतच राहतो. मला मात्र पत्रिकेतील हाच आकडा सर्वांत बोलका वाटतो. उजाड जमिनीवर लावलेली हिरवाई खरोखर रुजली का, याची साक्ष तोच देतो.

वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन आपला देह घडवते. तिचा पालापाचोळा आणि मुळांतून पाझरणारी द्रव्ये यांवर जिवाणू, बुरशी, गांडुळे जगतात. त्यांच्या स्रावांनी मातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि त्या कणांच्या आश्रयाने कर्ब टिकतो. आमच्या गावाकडील जुनी माणसे ढेकूळ पाण्यात टाकून जमीन पारखत. उघड्या बरडावरचे ढेकूळ पाहता पाहता विरघळे. झाडोऱ्याखालचे बराच वेळ आकार धरून राही. सेंद्रिय कर्ब हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, पण त्याचे काम त्यांनी अचूक ओळखले होते.

आता थोडे गणित पाहू. एका हेक्टरातील वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २,००० टन भरते. तिच्यातील कर्ब ०.१ टक्क्याने वाढला, तर दोन टन कर्ब जमिनीत साठतो. म्हणजेच सात टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेतून उतरतो. पृथ्वीवरील मातीत वातावरण आणि वनस्पती या दोहोंतील एकत्रित कर्बापेक्षाही अधिक कर्ब आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे पायाखालच्या या कोठाराचे मोल उमगते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरेबाजारची कथा आपण पाण्याची कथा म्हणून ऐकतो. १९९०च्या दशकात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने श्रमदानाने समतल चर खोदले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. गुरे डोंगरावर न सोडता गवत कापून घरी आणण्याचा नियम केला. त्यामुळे मुळे जमिनीत राहिली, माती जागची हलली नाही आणि पाणी मुरू लागले. माझ्या मते ती पाण्याइतकीच मातीचीही कथा आहे.

तथापि, हिरवे ते सारे हितकर, असे समजणे घाईचे ठरेल. सोलापूरजवळील नान्नजच्या माळरानासारखी गवताळ भूमी पडीक नसते. गवताचा बराचसा कर्ब मुळांत, जमिनीच्या पोटात असतो. तेथे खड्डे खणून एकाच जातीची झाडे लावली, तर साठलेला कर्ब मोकळा होऊ शकतो आणि माळढोकासारख्या पक्ष्यांचा निवाराही जातो. म्हणून रोप लावण्यापूर्वी, या जागी मुळात काय उगवत होते, हा प्रश्न विचारायला हवा. कुठे त्याचे उत्तर वड-करंज असेल, कुठे केवळ पवना गवत.

वृक्षारोपणाच्या फलकावर रोपांची संख्या लिहिलेली असते. मातीचा आकडा तेथे नसतो. तो पाहायचा, तर काही पावसाळे थांबावे लागते. जमिनीत कर्ब साठायला वर्षानुवर्षे लागतात, आणि एक वणवा किंवा वारंवारची नांगरट ती मिळकत उधळून लावते. लावणीचा समारंभ एका दिवसाचा असतो. त्यानंतरची राखण हीच खरी लागवड होय.