इतर अधिकारांचा रकाना

चार्ली फिट्झरला गावातला एक पब विकत घ्यायचा आहे. बस, एवढंच. पूर्वी तो अर्थविषयक बातम्या लिहायचा. ती नोकरी गेली, संसार मोडला. आजारी वडिलांचं करायला तो घरी परतला आणि वडील गेल्यावर तिथेच राहिला. आता बदली शिक्षक म्हणून मिळेल तो तास घेतो. राहतं घरही पुरतं त्याचं नाही. सावत्र भावंडांना ते विकून मोकळं व्हायचंय. सोबतीला हेरा नावाची मांजर.

जॉन स्कॅल्झी या अमेरिकी लेखकाची ‘स्टार्टर व्हिलन’ ही 2023 सालची कादंबरी इथून सुरू होते. विनोद तिच्यात भरपूर आहे, पण मला ती आधी भिडली ती या ओलीमुळे.

मग दुरावलेला जेकमामा मरतो. पार्किंगच्या इमारतींवर अब्जाधीश झालेला. त्याच्या अंत्यदर्शनाला माणसं येतात ती रडायला नव्हे, तो खरंच मेला ना, याची खात्री करायला. पार्किंग हा नुसता मुखवटा. आतला धंदा खलनायकाचा. कॅरिबियनमधलं ज्वालामुखीचं बेट, कळफलकावर टंकून बोलणारी हेर मांजरं, आणि इटलीत बेलाजिओला जमणारी बड्या दुष्टांची मंडळी. हा सगळा पसारा एका सरळमार्गी माणसाच्या गळ्यात पडतो.

बेटाच्या पाण्यात बोलणारे डॉल्फिन कामाला आहेत आणि ते संपावर गेलेत. तोंडाने अत्यंत शिवराळ. त्यांचं पहिलं बोलणं वाचताना हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या मागण्या मात्र थट्टेच्या नाहीत. त्यांना बुद्धी दिली ती राबवून घेण्यासाठी. त्यांना काय हवंय, हे कुणी विचारलंच नाही. चार्ली त्यांच्या शिव्या खातो आणि बोलणी करायला बसतो. नोकरी जाणं म्हणजे काय, हे त्याच्या अंगावरून गेलेलं आहे.

आपल्याकडे बाप गेला की वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेपा सुरू होतात. सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून नाव चढलं की जमीन आपली झाली, असं वाटतं. पण त्याच उताऱ्यावर कुळाचा आणि ‘इतर अधिकार’ यांचाही रकाना असतो. तिथे सोसायटीचा बोजा असतो, पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुळाचं नाव असतं, कधी विहिरीतला दुसऱ्याचा हिस्सा. चार्लीच्या वारशात त्या रकान्यात डॉल्फिन आहेत. बेलाजिओची मंडळी आपल्या नावापुढे वाचतच नाहीत. चार्ली उतारा खालपर्यंत वाचतो. त्या दोघांतला फरक मला एवढाच दिसतो, आणि तो फार मोठा वाटतो.

उत्तरार्धातली कटकारस्थानं घाईत उरकलीत. ती खलनायक मंडळीही एकमेकांसारखीच वाटतात. तरी 2024 च्या ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत या हलक्याफुलक्या कादंबरीला जागा मिळाली, हे मला योग्यच वाटतं.

ती मराठीत यायला हवी. अनुवादकाला एकच विनंती: डॉल्फिनांच्या शिव्या सौम्य करू नका. त्या मालवणीत आणा. सिंधुदुर्गाच्या समुद्रात डॉल्फिन आहेत आणि किनाऱ्यावर ती भाषाही.