मागचं धूसर करताना

लग्नाच्या व्हिडिओत पूर्वी सगळंच स्पष्ट दिसायचं. अंतरपाट, भटजी, मागे उभे मामा, त्यांच्याही मागे खांबाला टेकलेला केटरिंगचा पोरगा. ही काही शूटिंगवाल्याची आवड नव्हती. टेपच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर नखाएवढाच. सेन्सर लहान म्हणून फोकल लेंग्थ लहान, आणि ती लहान म्हणून डेप्थ ऑफ फील्ड भरपूर. मागच्या माणसाला धूसर करावंसं वाटलं तरी सोय नव्हती.

ती सोय २००८ मध्ये आली. ऑगस्टमध्ये निकॉनने डी-९० जाहीर केला, व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर. आणि सप्टेंबरमध्ये कॅननने फाइव्ह-डी मार्क टू. या दुसऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरच्या चौकटीपेक्षाही मोठा. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म उभी धावते, त्यामुळे आडवी चौकट तिच्या रुंदीतच बसवावी लागते. फोटोच्या कॅमेऱ्यात फिल्म आडवी सरकते आणि चौकटीला ऐसपैस जागा मिळते. सुरुवातीला फाइव्ह-डीवर व्हिडिओ घेताना अ‍ॅपर्चर कॅमेराच ठरवायचा. ते हातात राहावं म्हणून लोक अडॅप्टर लावून निकॉनच्या जुन्या लेन्स बसवत, कारण त्यांच्या अंगावरच अ‍ॅपर्चरची रिंग असते. जून २००९ च्या फर्मवेअरनंतर ती खटपट संपली.

आपल्याकडे २०११ मध्ये अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनली का डब्बा’ आला. तो कॅननच्या सेव्हन-डीवर चित्रित झालाय, छायाचित्रण अमोल गोळे यांचं. त्या सिनेमाबद्दल लिहिताना स्वस्त कॅमेऱ्याचं कौतुक जास्त झालं. मला त्यातली मुलं महत्त्वाची वाटतात. वर्गात एवढासा कॅमेरा असला की मुलं मुलांसारखीच बसतात, आणि मोठं युनिट दिसलं की त्यांची पाठ ताठ होते. स्टिल कॅमेऱ्याचा हा गुण धूसर पार्श्वभूमीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

पण गाजली ती धूसर पार्श्वभूमीच. कारागिरांवरचे आजचे छोटे माहितीपट पाहा: एक बोट, एक डोळा, धाग्याचं टोक, आणि बाकी सगळं रंगांचे गोळे. दिसायला देखणं. पण माणूस येवल्यात बसलाय की चीनमध्ये, कळत नाही.

येवल्याचंच उदाहरण घेते. पैठणीचा पदर विणणारा कारागीर मागावर वाकलेला असतो. पदरातल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली. तो ताण्याचे मोजके धागे बोटांनी उचलतो, तिल्ली आरपार काढतो, जर ओढून घेतो आणि फणी ठोकतो. साठ सेंटिमीटरवरून ५० मिलिमीटरच्या लेन्सने, २.८ अ‍ॅपर्चरवर, फुल फ्रेमवर हे टिपायला गेलं तर स्पष्ट राहणारी जागा जेमतेम अडीच सेंटिमीटर खोल. बोट स्पष्ट राहतं आणि त्याच बोटाने घडवलेला मोर विरघळतो. इथे बहुतेक जण अ‍ॅपर्चर बंद करतात आणि मग अंधाराशी भांडत बसतात. त्याआधी कॅमेऱ्याची जागा बदलून पाहावी. स्पष्टतेचा तो पातळ थर सेन्सरला समांतर असतो. कॅमेरा थोडा वर नेऊन पदरावर असा झुकवला की सेन्सर आणि कापड समोरासमोर येतील, तर त्याच २.८ वर मोर, मुनिया, नारळी काठ सगळं लखलखीत दिसतं आणि कापडापलीकडची खोली तेवढी मऊ होते. तिरकं उभं राहिलं की तोच थर कापडाला एका पट्टीत कापत जातो. डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकडा असं आपण शिकतो, पण निम्मं काम पायांनी करायचं असतं.

फोटोत ती पट्टी एकदा नेमकी पडली की संपलं. व्हिडिओत कारागीर हलतो, फणी ठोकताना पुढे येतो, हसून मागे रेलतो. ऑटोफोकस आता फार सुधारलाय, डोळा धरून ठेवतो; पण बोलता बोलता माणसाने हातातल्या तिल्लीकडे पाहिलं, तर आपणही तिकडे जायचं की त्याच्या चेहऱ्यावरच थांबायचं, हे त्याला ठरवता येत नाही. सिनेमाच्या सेटवर हे काम फोकस पुलरचं असतं, आणि त्याच्या लेन्सची रिंग लांब फिरते. फोटोच्या ऑटोफोकस लेन्सची रिंग थोड्याशा वळणात जवळून अनंतापर्यंत पोचते, अनेकींना तर थांबाच नसतो. म्हणून मी अजून जुन्या मॅन्युअल लेन्स वापरते. रिंगवर चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर दोन खुणा: एक चेहऱ्याची, एक हाताची. फोकस कधी हलवायचा हे मी नजरेवरून ठरवते. माणसाची नजर आधी वळू द्यावी, मग रिंग. उलट केलं की प्रेक्षकाला ओढून नेल्यासारखं होतं.

भर उन्हात आणखी एक पेच. सेकंदाला २५ फ्रेम्स म्हणजे शटर १/५०. तेच आपल्या ५० हर्ट्झच्या विजेलाही मानवतं, ट्यूबलाइट लुकलुकत नाही. पण आयएसओ १०० ला दुपारचं ऊन या शटरवर २२ अ‍ॅपर्चर मागतं. २.८ वर यायचं तर सहा स्टॉप उजेड अडवायला हवा, म्हणजे एनडी ६४ फिल्टर. शटर वाढवून भागवणारे पुष्कळ आहेत, पण मग हाताची हालचाल तुटक दिसते, आणि विणकामात हालचाल हाच तर विषय आहे.

मुलाखतीला मी हल्ली दीड मीटरवरून ५.६ वर थांबते. साधारण तीस सेंटिमीटर स्पष्ट मिळतात. माणूस मोकळेपणी मागेपुढे होऊ शकतो. त्याच्या मागचा माग थोडा मऊ होतो, पण माग म्हणून ओळखू येतो. भिंतीवरचं कॅलेंडर, कोनाड्यातला देव, दारातून डोकावणारी सून, सगळे आपापल्या जागी कळतात. त्यासाठी उजेड जास्त लागतो. तो मिळवायला मी लाइट लावायच्या आधी घरचं दार सताड उघडायला सांगते आणि खुर्ची दाराकडे वळवते. जरीचा रंग त्या उजेडात जितका खरा उतरतो तितका एलईडीच्या पॅनेलखाली मला अजून मिळालेला नाही.