कुणी काय नेलं

माणूस त्याच्या मित्रांवरून ओळखावा, असं म्हणतात. मला हे फारसं पटत नाही. मित्र पुष्कळदा शेजारच्या बिऱ्हाडाच्या, शाळेतल्या बाकाच्या किंवा कचेरीतल्या खुर्चीच्या कृपेनं मिळतात. पुस्तक मात्र माणूस आपल्या हातानं उचलतो. कुणी काय वाचलं हे ज्याला ठाऊक, त्याच्या हाती त्या माणसाच्या मनाची किल्लीच असते.

माझ्या वडिलांपाशी अशा तीनएकशे किल्ल्या होत्या. तालुक्याच्या गावी ते भाड्यानं पुस्तकं देण्याचं वाचनालय चालवीत. लाल कापडाच्या बांधणीच्या वहीत तारीख, सभासदाचं नाव नि पुस्तकाचं नाव असे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा नेणाऱ्यापुढं ते एखाद्या दिवशी आपण होऊन ‘रणांगण’ सरकवीत आणि म्हणत, “आवडलं नाही तर भाडं देऊ नका.” अशा पुस्तकापुढं वहीत एक बारीकसं टिंब पडे. पण “अमक्यांची सून काय नेते हो?” असं कुणी विचारलं, की त्यांना एकदम पावसापाण्याची आठवण होई.

त्या अकरा वह्या आता माझ्या कपाटात आहेत, आणि त्यांच्यावर माझ्या पुतणीचा डोळा आहे. ती डॉक्टरेटसाठी संशोधन करते. तिचा विषय अर्धा संगणकाचा, अर्धा मराठी साहित्याचा आणि उरलेला अर्धा इंटरनेटवरच्या दुकानदारीचा. एका विषयाला तीन अर्धे कसे, हे विचारायचं मी टाळलं.

तिनं मला समजावलं ते असं. ॲमेझॉन हे दुकान 1995 साली पुस्तकं विकण्यापासून सुरू झालं. गिऱ्हाइकाला नवं पुस्तक सुचवायचं, तर त्याच्यासारखी आवड असलेली दुसरी गिऱ्हाइकं शोधावी, हा साधा विचार. पण गिऱ्हाइकं लाखांनी वाढली की हा शोध फार वेळ खातो. म्हणून त्यांनी उलटा मार्ग काढला. माणसांऐवजी पुस्तकांच्या जोड्या लावल्या. हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं, एवढंच मोजायचं आणि तक्ता आधीच तयार ठेवायचा. तिथल्या तिघा इंजिनियरांनी 2003 साली ही युक्ती एका नियतकालिकात छापूनही टाकली.

“काका, आजोबाही हेच करत होते,” ती म्हणाली. “आणि जिथं टिंब आहे, तिथं ते गणिताच्या विरुद्ध गेले असतील. त्या जागा मला हव्यात.”

वडिलांची टिंबं विद्यापीठात जाणार! मला अभिमान वाटला. त्याच भरात मी एक वही उघडली आणि थबकलो. एका बाईंनी एका वर्षात ‘कळ्यांचे निःश्वास’ पाच वेळा नेलं होतं. हे पुस्तक 1933 साली आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मालतीबाई बेडेकरांनी ते लिहिलं विभावरी शिरूरकर या नावानं. लिहिणारीनं आपलं नाव झाकलं, मग वाचणारीचं मी कोणत्या तोंडानं उघडं करू? त्या बाई आज नाहीत, पण त्यांची नातवंडं आमच्याच आळीत राहतात.

“नावं पुसून नंबर घालू,” पुतणी म्हणाली. पण पोर प्रामाणिक. नंबरांची हकीकतही तिनंच सांगितली. नेटफ्लिक्स या चित्रपट पुरवणाऱ्या कंपनीनं 2006 साली दहा लाख डॉलरांची स्पर्धा लावली आणि सुमारे 4 लाख 80 हजार ग्राहकांनी दिलेले दहा कोटी गुण, नावं काढून, संशोधकांच्या हवाली केले. टेक्सास विद्यापीठातल्या अरविंद नारायणन आणि व्हिटाली श्माटिकॉव्ह या दोघांनी दाखवून दिलं, की एखाद्यानं आठ चित्रपटांना दिलेले गुण आणि ते दिल्याच्या अंदाजे तारखा कळल्या, की त्यातले दोन चुकीचे असले तरी शंभरांतली नव्याण्णव माणसं गर्दीतून वेगळी काढता येतात. कंपनीनं योजलेली दुसरी स्पर्धा 2010 साली रद्द झाली. लाखांच्या गर्दीत जे लपलं नाही, ते आमच्या तीनशेंत काय लपणार? आमच्याकडे तर चालीवरून माणूस ओळखतात.

चार दिवस विचार करून आम्ही तोडगा काढला. वह्या घराबाहेर जाणार नाहीत. प्रत्येक सभासदाची यादी मी करायची, तिच्यातून जोड्या पाडायच्या आणि पुतणीला नुसती जोड्यांची बेरीज द्यायची. टिंबांचीही तशीच. शिवाय जी जोडी निदान पाच निरनिराळ्या सभासदांनी नेली असेल तीच धरायची. एकटीदुकटी गाळायची.

“काका, अर्धा मेवा गेला की हो,” ती हिरमुसली. तिचंही खरं होतं. जे पुस्तक साऱ्या गावात एकट्यानंच नेलं, तिथंच वाचकाचं खरं मन असतं. वडिलांची बरीचशी टिंबंही अशाच पुस्तकांपुढं आहेत. पण त्या मनाचा धनी मी नव्हे, तीही नव्हे.

“तुझ्या विषयाला तीन अर्धे आहेत,” मी म्हटलं. “एक गेला तरी दोन अर्ध्यांचं एक पूर्ण होतं.”

ती हसली आणि जोड्यांसाठी रेघा आखू लागली.