मॅडमचं देणं

मी वाणिज्य शाखेत लेखाकर्म शिकवते. विषय मला माझ्या गुरुजनांनी दिला. तो बाकावरच्या मुलाच्या जागी बसून पाहायला शिकवलं आमच्या कॉलेजच्या आयक्यूएसी, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, समन्वयक मॅडमनी. त्या वनस्पतिशास्त्राच्या. जमाखर्चाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता आणि तेच माझ्या पथ्यावर पडलं.

कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तयारीत प्रत्येक पेपरचे कोर्स आउटकम लिहून द्यायचे होते. ‘विद्यार्थ्यांना बँक जुळवणी पत्रक समजेल’ हे आमच्या विभागात पिढीजात चालत आलेलं वाक्य. ते वाचून मॅडम म्हणाल्या, “समजलं हे तुला वर्गात कशावरून दिसणार? असं कर, मलाच शिकव.” मी नियम सांगू लागले : ही रक्कम मिळवायची, ती वजा करायची. त्यांनी मध्येच थांबवलं. “अगं, आधी ते दोन्ही कागद तरी दाखव मला!”

तिथून माझा तास बदलला. आता मुलं जोडीनं बसतात. एकाकडे रोकड वहीचं पान, दुसऱ्याकडे पासबुकाची नक्कल. आपण दिलेला पण अजून बँकेत न पोचलेला चेक, बँकेनं परस्पर कापलेले चार्जेस, ही सगळी कारणं मुलं एकेका ओळीवर बोट ठेवून हुडकतात, हुज्जत घालतात. नियम त्यांच्याच तोंडून येतो. बेंजामिन ब्लूम यांची 1956ची उद्दिष्टांची उतरंड मी कार्यशाळांमधून ऐकली होती. ती वापरायची कशी, हे मॅडमनी दाखवलं.

आयक्यूएसीसारख्या समितीचं काम म्हणजे फुकटची कारकुनी, असं स्टाफरूममध्ये सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. नॅकच्या 2017च्या आराखड्यात संलग्न महाविद्यालयांसाठी हजारपैकी 350 गुण अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाला होते. फोटो आणि सह्यांच्या फायली लावूनही ते मिळवायची धडपड करता येते. मॅडम मात्र बैठकीत आधी मुलांचं विचारायच्या. 2020च्या लॉकडाउनमध्ये नेहमीचं वेळापत्रक जसंच्या तसं ऑनलाइन चालवायचं घाटत होतं. त्यांनी आम्हाला विद्यार्थ्यांना फोन करायला लावले. कित्येक घरांत एकच मोबाइल, तोही दिवसभर वडिलांबरोबर शेतावर! मग ठरलं : दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण, शेवटी एक प्रश्न, आणि फाइल व्हॉट्सॲपवर सहज जाईल एवढीच. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांनाही प्रशिक्षणात घ्या, वर्ग तेही घेतात, हा आग्रहही त्यांचाच.

मॅडम आता निवृत्त आहेत आणि त्या समितीत मी आहे. एखादा घटक अडला की अजूनही त्यांनाच फोन लावते. परवा घसाऱ्यावर तासभर बोललो. “माझ्या स्कूटरची मूळ पावती आहे माझ्याकडे, आणि आज गॅरेजवाला किती देतो तेही विचारून ठेवते,” म्हणाल्या. सोमवारी तोच तास आहे. पावतीचा फोटो त्यांनी कालच पाठवलाय.